ट्रेल मोठी की प्युअर?

(मंडळाच्या २०२५ च्या गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



व्याख्यानाचा विषय फलकावर लागला आणि त्याच संध्याकाळी मला दोन फोन आले. एक जण म्हणाले, "अहो, बाप्पासमोर पत्त्यांवर व्याख्यान? आणि तेही तीन पत्तीवर?" दुसरे म्हणाले, "त्या दिवशी जिंकायची एखादी युक्तीही सांगून टाका." दोघांनाही मी एकच उत्तर दिलं, की मी फक्त मोजायला येणार आहे. गण आणि गणित हे दोन्ही शब्द मोजण्याच्या एकाच धातूतून आलेत. तेव्हा गणांच्या अधिपतीसमोर थोडी मोजणी केली तर त्याची हरकत नसावी.

आणि पत्ते आपल्या घरात नाहीतच, असा आव आणण्यात काय अर्थ आहे? मेंढीकोट, बदाम सात, पाच-तीन-दोन, गुलामचोर यांवर आपण वाढलो. आपल्या या वडोदऱ्यात दोन आठवड्यांपूर्वीच सातम-आठम झाली. त्या दिवसांत आपल्या गुजराती शेजाऱ्यांकडे डाव बसतात आणि तिथे आपली मंडळी नुसती चहा प्यायला जात नाहीत, हे इथे समोर बसलेल्या काही चेहऱ्यांवर दिसतंच आहे. मंडपात रात्री जागरणाला थांबणारी मुलं काय करतात, तेही कार्यकर्त्यांना ठाऊक आहे.

तर अशा कुठल्याही बैठकीत एक भांडण ठरलेलं असतं. अमेरिकेहून किंवा बंगळुरूहून सुटीला आलेला भाचा पोकर शिकून आलेला असतो. तो हातातला कलर टाकतो आणि म्हणतो, "मामा, फ्लश. स्ट्रेटपेक्षा मोठा." मामांच्या हातात सिक्वेन्स. मामा म्हणतात, "आमच्याकडे सिक्वेन्स मोठी." भाचा मोबाइल काढून पोकरची क्रमवारी दाखवतो. मामा म्हणतात, तुझा मोबाइल खड्ड्यात घाल. गंमत अशी, की या भांडणात दोघंही बरोबर असतात. ते कसं, हे आज पाहू. क्रमवारी ठरवणारा माणूस कोण होता, कुठल्या क्लबात बसला होता, हा प्रश्न इथे फारसा येतच नाही. बहुतेक निर्णय पत्त्यांच्या कॅटनेच देऊन ठेवलेत. जिथे कॅटने दिलेला निर्णय माणसांनी फिरवला, त्या एका जागेकडेही आपण जाणार आहोत.

तत्त्व एका वाक्यात सांगता येतं. जो हात कमी वेळा येतो तो मोठा. आता कोणता हात किती वेळा येतो हे शोधायला आयुष्यभर पत्ते वाटत बसावं लागत नाही. भास्कराचार्यांची 'लीलावती' ज्या 'सिद्धान्तशिरोमणी'चा भाग, तो ग्रंथ ११५० मधला. चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखामुळे भास्कराचार्य हे आपल्या मराठी माणसाला अगदी घरचे वाटतात. त्या 'लीलावती'त एक स्वयंपाकघरातला प्रश्न आहे. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू, तुरट असे सहा रस. त्यांतले एक-एक, दोन-दोन, तीन-तीन एकत्र करून किती प्रकार होतील? रीत अशी, की सहापासून उतरते आकडे वर मांडायचे, एकपासून चढते खाली मांडायचे आणि भागायचं. तीन रसांसाठी ६ गुणिले ५ गुणिले ४, भागिले १ गुणिले २ गुणिले ३. उत्तर २०. सगळे मिळून होतात ६३.

आता सहा रसांच्या जागी बावन्न पत्ते घ्या. ५२ गुणिले ५१ गुणिले ५०, भागिले ६. उत्तर २२,१००. तीन पत्तीत यापेक्षा एकही हात जास्त नाही. तुम्हाला आजवर वाटले गेलेले आणि यापुढे वाटले जाणारे सगळे हात या बावीस हजार शंभरांतलेच आहेत.

त्यांतल्या ट्रेल किती? तीन एक्के घ्यायचे तर चारातला एक एक्का बाहेर ठेवायचा, म्हणजे चार प्रकार. असे तेरा आकडे. ५२ ट्रेल. प्युअर किती? एक्का-दुर्री-तिर्रीपासून राणी-राजा-एक्क्यापर्यंत बारा ओळी लागतात, आणि प्रत्येक ओळ इस्पिक, बदाम, चौकट, किलवर अशा चार रंगांत. ४८. साधी सिक्वेन्स मोजायची तर प्रत्येक ओळीत तिन्ही पानांना चार-चार रंगांची मोकळीक, म्हणजे बारा ओळी गुणिले चौसष्ट, ७६८. त्यातून मघाच्या ४८ प्युअर वजा केल्या की ७२०. कलरसाठी एका रंगाच्या तेरा पानांतून तीन निवडायची, तर २८६. चार रंग धरून ११४४, वजा प्युअर ४८, बाकी १०९६. पेअर ३७४४. आणि उरलेले १६,४४० हात म्हणजे ज्यांत काहीच नाही, नुसतं वरचं पान.

मामांचा दावा तपासून झाला. सिक्वेन्स ७२०, कलर १०९६. तीन पानांत सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून सिक्वेन्स मोठी. मामा बरोबर.

पण वरचे दोन आकडे पुन्हा ऐका. ट्रेल ५२, प्युअर ४८. प्युअर कमी वेळा येते. म्हणजे आपल्याच तत्त्वाप्रमाणे प्युअर सगळ्यांत मोठी असायला हवी. आणि आपण तीन दुर्र्यांपुढे इस्पिकची एक्का-राजा-राणी मुकाट्याने खाली ठेवतो! हीच ती मी म्हटलेली जागा.

इथे कुणी म्हणेल, की आमच्या घरी एक्का-दुर्री-तिर्री धरतच नाहीत. मग ओळी अकराच राहतात आणि प्युअर ४४ वर येते, आणखीच दुर्मीळ. राजा-एक्का-दुर्री अशी गोल फिरणारी ओळही मान्य करणारं एखादं उदार घर सापडलं, तर ओळी तेरा होतात आणि प्युअर बरोबर ५२. ट्रेलशी अचूक बरोबरी. असं घर सापडलं तर तिथे दोघांना पैसे वाटून द्यावेत असं माझं मत आहे.

हा उलटा क्रम कुठून आला? इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात 'ब्रॅग' नावाचा तीन पानांचा खेळ फार लोकप्रिय होता. आपली तीन पत्ती ही त्याचीच भावकी. बंद पानांवर पैसे लावायचे, समोरच्याला घाबरवायचं, ब्रॅग म्हणजे बढाई. त्या जुन्या ब्रॅगमध्ये सिक्वेन्स आणि कलर हे प्रकारच मोजत नसत. तीन सारखी पानं, मग जोडी, मग वरचं पान, एवढंच. तीन सारख्यांना 'पेअर रॉयल' म्हणत, बोलता बोलता त्याचं 'प्रायल' झालं. पुढे केव्हातरी ओळी आणि रंग खेळात आले. पण सिंहासनावर आधीपासून कुणीतरी बसलेलं होतं. नवे आलेले दोन क्रमांकापासून पुढे बसले. आजही इंग्लंडच्या ब्रॅगमध्ये प्रायल वर आणि रनिंग फ्लश खाली, अगदी आपल्यासारखंच. घरात थोरल्या जावेचा मान जसा धाकटीच्या शिक्षणावरून बदलत नाही, तसाच हा प्रकार आहे. (समोरून दोन-तीन धाकट्या जावांच्या टाळ्या ऐकू आल्या.)

हा मान किती सवयीचा आहे, ते बघायचं तर कसिनोत बघावं. १९९० च्या दशकात 'थ्री कार्ड पोकर' नावाचा खेळ कसिनोंसाठी मुद्दाम तयार केला गेला. तीन पानं, तोच बावन्नचा कॅट. त्यात सगळ्यांत वर ठेवली स्ट्रेट फ्लश, म्हणजे आपली प्युअर, आणि तिच्याखाली तीन सारखी. कसिनोवाल्याला परंपरेशी काय देणं-घेणं? त्याला प्रत्येक हातावर किती पैसे चुकवायचे हे ठरवायचं असतं. तिथे ४८ म्हणजे ४८ आणि ५२ म्हणजे ५२.

आता भाच्याकडे येऊ. पोकर पाच पानांचं. पाच पानांचे एकूण हात २५,९८,९६०. स्ट्रेट फ्लश ४०, त्यात रॉयल म्हणतात त्या ४ आल्या. चार सारखी ६२४. फुल हाउस, म्हणजे तीन सारखी आणि सोबत एक जोडी, ३७४४. फ्लश ५१०८, स्ट्रेट १०,२००. तीन सारखी ५४,९१२. दोन जोड्या १,२३,५५२. एक जोडी १०,९८,२४०. आणि काहीच नाही असे १३,०२,५४०. खालून वर बघत गेलात तर आकडे एकदाही क्रम मोडत नाहीत. पोकरची क्रमवारी अथपासून इतिपर्यंत मोजणीला धरून आहे. फ्लश स्ट्रेटच्या निम्म्याने येतो, म्हणून फ्लश मोठा. भाचाही बरोबर.

जाता जाता, पोकरचं फुल हाउस ३७४४ आणि आपली तीन पत्तीतली पेअरही ३७४४. मला आधी वाटलं हा योगायोग. पण दोन्हीकडे गुणाकारच तोच आहे, १३ गुणिले १२ गुणिले ६ गुणिले ४. कागदावर मांडून बघा, मजा येते.

पण तीन पानांत कलर सोपा आणि पाच पानांत तोच अवघड, असं का व्हावं? मला या सगळ्या विषयात हाच भाग सर्वांत आवडतो, म्हणून जरा इथे थांबतो. एक पान वाढवलं की काय होतं ते बघा. सिक्वेन्सच्या ओळी जेमतेम एकाने कमी होतात, बाराच्या अकरा, अकराच्या दहा. पण वाढलेल्या पानाला रंगाची चौपट मोकळीक मिळते. म्हणजे सिक्वेन्सचे हात जवळजवळ चौपटीने वाढत जातात. कलरला ही चैन नाही. त्याला त्याच तेरा पानांतून निवडायचंय. तीन निवडायची तर २८६ प्रकार, चार निवडायची तर ७१५, पाच निवडायची तर १२८७. वाढतात, पण रखडत.

म्हणजे तीन पानांना सिक्वेन्स मागे होती, पाच पानांना ती कलरच्या पुढे निघून गेली. मग चार पानांना काय? चार पानांचा हात मोजला तर सिक्वेन्स येतात २७७२ आणि कलर येतात २८१६. पावणेतीन लाखांच्या घरातल्या एकूण हातांत फरक फक्त ४४ चा! चार पानांच्या डावात मामा-भाच्यांनी भांडायचं कारणच उरत नाही. चारवर सिक्वेन्स केसभर वर, पाचवर गेलं की कलर वर. तराजू कुठे कलतो ती जागा अगदी बोट ठेवून दाखवता येते.

पोकरची क्रमवारी आज इतकी नीटनेटकी दिसते, पण तीही जन्मतःच तशी नव्हती. पोकर वाढलं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लिन्सच्या बाजूला, मिसिसिपी नदीवरच्या आगबोटींवर. जो कॉवेल नावाच्या इंग्रज नटाने १८२९ साली अशाच बोटीवर पाहिलेल्या डावाचं वर्णन आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. तेव्हाचं पोकर बावन्न पानांचं नव्हतंच. एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी, एवढी वीसच पानं. चार जणांना पाच-पाच, कॅट संपला.

या वीस पानांत सिक्वेन्स मोठी धरायची का? विचार करा. आकडे पाचच आहेत आणि हातातही पाचच पानं. म्हणजे एकही जोडी नसलेला हात हा एक्का-राजा-राणी-गुलाम-दश्शी असाच असणार! ज्याला काहीही मिळालं नाही, त्याच्या हातात आपोआप सगळ्यांत सुंदर दिसणारी सिक्वेन्स. असे हात १५,५०४ पैकी १०२४ होते आणि ते तळाला होते. आज आपण ज्याला बघून ओरडतो, तो हात त्या बोटीवरच्या माणसाने तोंड वाकडं करून टाकला असता. पुढे बावन्न पानं आली, खेळणारे वाढले, आणि मग कुठे फ्लश आणि स्ट्रेट यांना जागा मिळाली. स्ट्रेटला तर बरीच वाट पाहावी लागली. आणि स्ट्रेट फ्लशला मान्यता मिळेपर्यंत चार एक्के हा हात हरूच शकत नव्हता.

कॅट बदलला की क्रम बदलतो याचा आजचा नमुनाही आहे. दुर्रीपासून पंजीपर्यंतची पानं काढून छत्तीस पानांवर पोकर खेळतात. तिथे एका रंगात नऊच पानं, त्यामुळे फ्लश फक्त ४८० आणि फुल हाउस १७२८. म्हणून तिथे फ्लश फुल हाउसला हरवतो. तोच भाचा तिथे जाऊन बसला तर पुन्हा भांडेल.

आपल्याकडच्या खेळांत मात्र हा दुर्मीळतेचा हिशेब फारसा दिसत नाही. सावंतवाडीच्या राजवाड्यात आजही गंजिफा रंगवतात. दशावतारी गंजिफा म्हणजे दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, एकूण १२० पानं. त्यांतल्या निम्म्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का लहान, तर निम्म्या रंगांत एक्का मोठा आणि दश्शी लहान. का? तर तसा नियम म्हणून. सगळी पानं सारखीच दुर्मीळ असताना मोजणी काय सांगणार?

त्याहून जुने फासे. वैदिक काळात बेहड्याच्या बियांनी जुगार खेळत. बियांतून वाटा घ्यायचा आणि चार-चार बाजूला काढत जायचं. काही उरलं नाही तर कृत, तीन उरल्या तर त्रेता, दोन उरल्या तर द्वापर, एकच उरली तर कली. आपल्या चार युगांना जी नावं आहेत, ती या डावांवरून पडलेली आहेत. आता चाराने भागल्यावर काय उरेल याच्या चारही शक्यता जवळजवळ सारख्याच. तरीही कृत सर्वांत श्रेष्ठ आणि कली सर्वांत हीन. तिथे मान ठरला तो पूर्णतेवरून.

आणि बेहडा म्हटलं की नळ आलाच. ऋतुपर्ण राजा रथातून जाता जाता बेहड्याच्या झाडाच्या फांद्यांवरची पानं आणि फळं किती ते सांगतो. नळ रथ थांबवून ती मोजून बघतो आणि आकडा जुळतो. मग नळ अश्वविद्या देऊन त्याच्याकडून अक्षहृदय घेतो, फाशांचं मर्म. थोडं बघून पुष्कळाचा अंदाज बांधणं आणि फाशांचं मर्म ओळखणं, या दोन गोष्टी त्या कथेत एकाच माणसाकडे आहेत, याचं मला फार आश्चर्य वाटतं. हे आख्यान बृहदश्व ऋषी वनवासात युधिष्ठिराला सांगतात आणि नंतर ते अक्षहृदय त्यालाही शिकवतात. म्हणजे धर्मराजाला ही विद्या मिळाली, पण राज्य, भाऊ आणि द्रौपदी पणाला लावून झाल्यावर!

म्हणूनच आज मी हा विषय घेतला. क्रमवारी पाठ असणं आणि तिचा अर्थ ठाऊक असणं यांत मोठं अंतर आहे, आणि त्या अंतरात माणसांचे पैसे जातात.

एक उदाहरण घ्या. सहा जण बसलेत. तुमच्या हातात एक्क्यांची जोडी. पेअरमधली सर्वांत मोठी. छाती फुगते. २२,१०० पैकी १९१६ हात कलर किंवा त्याच्या वरचे आहेत, म्हणजे शंभरातले जेमतेम नऊ. हा आकडा ऐकून धीर येतो. पण समोर एक माणूस नाही, पाच आहेत. त्या पाचांपैकी निदान एकाकडे कलर किंवा वरचं काहीतरी असण्याची शक्यता ढोबळमानाने शंभरात छत्तीस. तिनात एकदा, थोडी जास्तच. आणि नुसता एक्का वर असलेला हात घेऊन बसलात तर? पाचांपैकी कुणाकडे तरी निदान जोडी असण्याची शक्यता शंभरात सत्त्याहत्तर. क्रमवारी सांगते की तुमचा हात किती दुर्मीळ आहे. समोर किती जण बसलेत, हे ती सांगत नाही.

दुसरी गोष्ट, "आता माझी पाळी आली." ट्रेल येण्याची शक्यता ४२५ मध्ये एक. हे ऐकून कुणी चारशे हात मोजून बसतो आणि म्हणतो, आता यायलाच हवी. पत्ते पिसले की कॅटला काही आठवत नाही. ४२५ हात पूर्ण खेळलेली शंभर माणसं घ्या, त्यांतल्या सुमारे सदतीस जणांना एकही ट्रेल लागलेली नसते. आणि चारशे पंचवीस हातांनंतरच्या पुढच्या हाताला त्यांची शक्यता किती? पुन्हा ४२५ मध्ये एक. रात्री दोन वाजता "अजून एकच डाव" म्हणणारा माणूस बहुधा या एका गैरसमजावर बसलेला असतो.

तिसरी गोष्ट मोबाइलची. तिथे किंवा क्लबात प्रत्येक डावातून चालवणारा आपला वाटा काढतो. धरा, सहा जणांनी हजार-हजार रुपये आणले. दर डावात सरासरी तीनशे रुपये जमतात आणि त्यातले पाच टक्के, म्हणजे पंधरा रुपये, चालवणाऱ्याचे. शंभर डावांनंतर सहा हजारांतले दीड हजार टेबलावरून उठून गेलेले असतात. सहाही जण सारखेच हुशार असले तरी. इथे ट्रेल मोठी की प्युअर, या वादाचा उपयोग शून्य. घरी मेंढीकोट खेळताना हरलेला पैसा निदान घरातच राहतो. या मोबाइलमधल्या खेळापायी पगार गेलेली, मित्रांकडून उसने घेऊन बसलेली मुलं आपल्या समाजातही आहेत. नावं घेण्याचं कारण नाही. त्यांच्या आई-वडिलांपैकी काही आज इथे आहेत आणि त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

कायद्याचं म्हणाल तर न्यायालयांनी यावर बराच विचार केलाय. सिकंदराबादच्या एका क्लबच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये सांगितलं, की रम्मीत मुख्यतः कौशल्य आहे, पण फ्लश, ब्रॅग अशा नावांनी चालणारा तीन पानांचा खेळ निव्वळ नशिबाचा. आपल्या गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये पोकरलाही जुगारातच धरलं. आणि या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून ऑनलाइन खेळण्यावर देशभर बंदी घालणारा कायदा केला, खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. बंदी चांगलीच आहे. माझं मत विचाराल तर कायदा दुकान बंद करू शकतो, पण "आता माझी पाळी" हे डोक्यातून काढायचं काम घरातच करावं लागतं. "पत्त्यांना हात लावायचा नाही" म्हणून दटावलेल्या मुलाला ४२५ चा अर्थ कुणीच सांगत नाही, आणि मग तो मोबाइलवर स्वतःच्या खर्चाने शिकतो. मुलाला सांख्यिकीच्या शिकवणीला पाठवायचं आणि घरातला कॅट कपाटात कुलपात ठेवायचा, हे मला कधी पटलेलं नाही. सांख्यिकी शिकायला त्याच्याहून स्वस्त साधन नाही.

तेव्हा आज आरतीनंतर एक करायचं ठरलंय. मंडपाच्या डाव्या बाजूला दोन मोठी टेबलं लावली आहेत. चार कॅट आहेत आणि चिंचोक्यांची एक पिशवी आहे. पैसे चालणार नाहीत, याची जबाबदारी आपल्या महिला शाखेने घेतली आहे, त्यामुळे मला काळजी नाही. इयत्ता सातवीच्या पुढची मुलं पानं वाटतील. दर वेळी कॅट नीट पिसायचा, तीन पानं उघडायची आणि फळ्यावर एक रेघ मारायची. पाचशे हात होईपर्यंत थांबायचं नाही. माझ्या हिशेबाने पेअरच्या खाली पंच्याऐंशीच्या आसपास रेघा असतील, कलरखाली पंचवीस, सिक्वेन्सखाली सोळा-सतरा, आणि पावणेचारशेच्या आसपास हात नुसते वरच्या पानाचे. थोडं इकडेतिकडे होईल, ते व्हायलाच हवं. फारच तंतोतंत जुळलं तर कुणीतरी रेघा घरूनच मारून आणल्यात असं मी समजेन.

ट्रेल एखादी येईल, कदाचित दोन, कदाचित एकही नाही. आली तर मोठ्याने ओरडा. मी खिचडीच्या रांगेत आहे.